कॉफीचे झाड शेजाऱ्याला वाढू देत नाही, हे कितपत खरे?

चहाचा चोथा गुलाबाला घालावा, हे आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. अलीकडे त्यात कॉफीच्या चोथ्याची भर पडली आहे. परसबागेविषयीच्या व्हिडिओंमध्ये त्याची ओळख ‘फुकटचे उत्तम खत’ अशी करून दिली जाते आणि तो थेट कुंडीत, वाफ्यात, अगदी नुकत्याच पेरलेल्या बियांवरही पसरण्याचा सल्ला दिला जातो. वनस्पतिशास्त्रज्ञ मात्र याच चोथ्याकडे काहीशा साशंक नजरेने पाहतात. त्यामागे कारण आहे. कॉफीतले कॅफिन हे द्रव्य झाडाने माणसाला तरतरी यावी म्हणून घडवलेले नाही. माणूस कॉफी पिऊ लागला त्याच्या कितीतरी आधीपासून हे झाड ते बनवीत आले आहे, आणि त्याच्या अनेक संभाव्य उपयोगांपैकी एक म्हणजे आसपास रुजू पाहणाऱ्या दुसऱ्या वनस्पतींची वाढ रोखणे.

‘संभाव्य’ हा शब्द येथे जाणीवपूर्वक वापरला आहे. कॅफिन अंकुराची वाढ खुंटवते, हे प्रयोगशाळेत वारंवार दिसून आले आहे. ते कोणत्या मार्गाने खुंटवते, हेही बऱ्याच अंशी उलगडले आहे. परंतु मळ्यातल्या मातीत, पावसात आणि पालापाचोळ्यात ते तसेच वागते का, हा निराळा प्रश्न आहे. या दोन गोष्टींची गल्लत झाली की एकीकडे कॉफीच्या झाडाविषयी सुरस कथा तयार होतात आणि दुसरीकडे कुंडीतली रोपे विनाकारण दगावतात.

काजऱ्याचा नातलग

कॅफिन हे अल्कलॉइड वर्गातले द्रव्य आहे. वनस्पतींमध्ये तयार होणारी, रेणूत नायट्रोजन असलेली, बहुधा कडू चवीची आणि प्राण्यांच्या शरीरावर तीव्र परिणाम करणारी संयुगे म्हणजे अल्कलॉइड, अशी ढोबळ व्याख्या करता येईल. मराठीत यासाठी पारिभाषिक शब्द सुचवले गेले, पण रुळला तो मूळ शब्दच. ही मंडळी आपल्या परिचयाची आहेत. तंबाखूतले निकोटिन, सिंकोनाच्या सालीतले क्विनीन, अफूतले मॉर्फिन, धोत्र्यातली विषारी द्रव्ये आणि गोव्या-कोकणच्या रानांत आढळणाऱ्या काजऱ्याच्या बियांतले स्ट्रिक्नीन, ही सारी याच वर्गातली. ‘अल्कलॉइड’ हा शब्द जर्मन रसायनशास्त्रज्ञ माइसनर याने १८१९ मध्ये रूढ केला. योगायोग असा की साधारण त्याच सुमारास फ्रीडलीब रुंगे या तरुण जर्मन रसायनशास्त्रज्ञाने कॉफीच्या बियांतून कॅफिन वेगळे काढले. त्याला त्या बिया तपासायला दिल्या होत्या महाकवी गटेने. कवीच्या कुतूहलातून रसायनशास्त्राची एक शाखा पुढे सरकल्याचे असे उदाहरण विरळाच.

कॉफीचे झाड कॅफिन प्रामुख्याने कोवळ्या पानांत आणि फळांत बनवते. वाळलेल्या अरेबिका बियांत वजनाच्या सुमारे सव्वा टक्का, तर रोबस्टा बियांत सुमारे सव्वादोन टक्के कॅफिन असते. त्याच्या रेणूचा सांगाडा प्यूरिन प्रकारचा, म्हणजे आपल्या डीएनएतील ॲडेनीन आणि ग्वानीन यांच्यासारखाच आहे. सजीव पेशीच्या नित्याच्या सामग्रीवर तीन ठिकाणी मिथिल गट चढवून झाड हे द्रव्य तयार करते. २०१४ मध्ये रोबस्टा कॉफीच्या जनुकसंचाचा उलगडा झाला, तेव्हा एक लक्षणीय गोष्ट स्पष्ट झाली. चहा आणि कोको या झाडांतही कॅफिन असते, पण ते बनवण्याची क्षमता कॉफीने त्यांच्याकडून वारशाने घेतलेली नाही. ती या कुळांत स्वतंत्रपणे उत्क्रांत झाली. एकमेकांपासून दूरच्या वनस्पतींना एकच पदार्थ पुन्हा पुन्हा उपयोगी पडला असेल, तर त्याचा काही ठोस लाभ असणार, असे अनुमान त्यातून निघते. किडींपासून संरक्षण हा त्यांतला सर्वाधिक पुरावा असलेला लाभ. शेजाऱ्यांची वाढ रोखणे हा दुसरा, आणि अधिक वादाचा.

भिंत बांधणाऱ्यांची फजिती

कॅफिन माणसाच्या मेंदूत काय करते, हे बहुतेकांनी कुठेतरी वाचलेले असते. थकव्याचा संदेश देणाऱ्या ॲडेनोसीन या द्रव्याची जागा ते अडवून बसते. वनस्पतीला मेंदू नाही, झोप नाही आणि तसा थकवाही नाही. तेथे कॅफिनचा घाव बसतो तो पेशींच्या विभाजनावर.

प्राण्यांची पेशी विभागताना मध्यभागी आवळत जाते आणि तिचे दोन भाग होतात. वनस्पतीच्या पेशीला ते जमत नाही, कारण तिच्याभोवती ताठ भिंत असते. तिला आतल्या आत, अगदी मध्यापासून, नवी भिंत उभारावी लागते. केंद्रकाचे दोन भाग होऊन ते दोन टोकांना गेले की भिंतीचे साहित्य भरलेल्या अतिसूक्ष्म पिशव्या पेशीच्या मध्यात गोळा होऊ लागतात. त्या एकमेकींत मिसळून एक पातळ चकती तयार होते. ही चकती कडांकडे वाढत जाऊन जुन्या भिंतीला भिडली की एका पेशीच्या दोन पेशी होतात. मुळाच्या टोकाशी हे काम अहोरात्र चालू असते, आणि मूळ लांब होते ते त्यामुळेच.

कॅफिनच्या उपस्थितीत काय घडते, ते १९६० च्या दशकापासून कांद्याच्या मुळांवर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले गेले आहे. केंद्रक नेहमीसारखे विभागते. पिशव्याही गोळा होतात. चकतीची सुरुवात होते, पण ती घट्ट होत नाही. तिला बळकटी देणारा कॅलोज नावाचा पदार्थ नीट साचत नाही आणि अर्धवट बांधलेली भिंत विरून जाते. उरते ती दोन केंद्रके असलेली एकच पेशी. गवंडी वेळेवर आले, विटा आल्या, पहिला थर रचला गेला, पण चुना धरलाच नाही, असा हा प्रकार. हा परिणाम इतका खात्रीचा आहे की वनस्पतींच्या पेशीविभाजनाचा अभ्यास करणारे संशोधक मुद्दाम दोन केंद्रकांच्या पेशी मिळवण्यासाठी कॅफिन हत्यारासारखे वापरतात.

भिंत हे एकमेव लक्ष्य नाही. रुजत असलेल्या बीला सुरुवातीचे अन्न तिच्यातल्या साठवलेल्या पिष्टातून मिळते. अमायलेज हे विकर त्या पिष्टाची साखर करते आणि अंकुर तिच्यावर पोसला जातो. रिझवी, मुखर्जी आणि माथुर या भारतीय वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात कॅफिनचे प्रयोग काटेमाठ या तणावर केले. तेव्हा बियांचे रुजणे थांबले आणि या विकराचे कार्यही मंदावलेले आढळले. त्याच प्रयोगमालिकेतला दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा होता. काटेमाठाला रोखणाऱ्या कॅफिनचा उडदाच्या बियांवर तसा परिणाम झाला नाही. म्हणजे हे द्रव्य सरसकट मारक नसून निवडक आहे. तण रोखावे आणि पिकाला धक्का लागू नये, ही तणनाशकाकडून असलेली पहिली अपेक्षा एका घरगुती पेयातल्या द्रव्याने निदान काचेच्या बशीत तरी पूर्ण केली होती.

पुढे, २००८ मध्ये, चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातील संशोधकांनी मुगाच्या रोपांचे तुकडे कॅफिनच्या द्रावणात ठेवून पाहिले. एरवी अशा तुकड्यांना खालून नवी मुळे फुटतात. कॅफिनमुळे ती फुटणे घटले. उडदाची बी तगते आणि मुगाचे कलम अडखळते, या दोन निष्कर्षांत विसंगती नाही. वनस्पती कोणती, तिची अवस्था कोणती आणि मात्रा किती, यांवर सारे अवलंबून असते.

स्वतःच्याच विषातून निसटणारी बी

येथे एक साधा प्रश्न उभा राहतो. कॅफिन अंकुराला इतके घातक असेल, तर कॅफिनने भरलेली कॉफीची बी स्वतः रुजते तरी कशी? जेकब फ्रीडमन आणि जॉर्ज वॉलर या संशोधकांनी १९८३ मध्ये नेमके हेच तपासले, आणि माझ्या मते या साऱ्या विषयातले सर्वांत सुंदर काम तेच आहे.

प्रथम त्यांनी हे दाखवले की कॉफीला कॅफिनपासून जन्मजात अभय नाही. लिटरला सुमारे २ ग्रॅम या प्रमाणात कॅफिन असलेल्या द्रावणात कॉफीच्याच कोवळ्या मुळांतले पेशीविभाजन आणि नव्या भिंतीची बांधणी थंडावते. कल्पना यावी म्हणून सांगायचे, तर आपल्या नेहमीच्या एका कडक कपात यापेक्षा बरेच पातळ, साधारण एक तृतीयांश तीव्रतेचे कॅफिन असते. बीच्या गरात, म्हणजे भ्रूणपोषात, कॅफिनचा साठा मोठा असतो आणि इवलासा भ्रूण त्यातच रुतलेला असतो.

मग तो वाचतो कसा? तर मुळाचे टोक बीच्या आत असेपर्यंत तेथील पेशी विभागतच नाहीत. अंकुराचा देठ, ज्याला अधराक्ष म्हणतात, तो आधी लांबतो, आणि हे लांबणे मुख्यतः असलेल्या पेशी ताणल्या गेल्यामुळे होते. त्यासाठी नव्या भिंती बांधाव्या लागत नाहीत. देठ लांबला की मुळाचे टोक कॅफिनच्या कोठारापासून दूर, बाहेरच्या ओल्या मातीत ढकलले जाते. तेथे पोहोचल्यावरच पेशीविभाजनाला खऱ्या अर्थाने आरंभ होतो. घर पेटलेले असताना चूल मांडायची नाही, आधी अंगण गाठायचे, असे हे वेळापत्रक आहे.

कर्नाटकातल्या कॉफीच्या रोपवाटिका ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना याची पुढची पायरी आठवेल. पेरणीनंतर सुमारे दीड महिन्याने देठ मातीतून वर येतो आणि आपल्या डोक्यावर अख्खी बी उचलून धरतो. मळेवाले या अवस्थेला ‘टोपी’ म्हणतात. टोपीत दडलेली बीजपत्रे गरातले अन्न शोषून घेतात आणि मग पसरतात. तोवर कोवळे मूळ जमिनीत आणि कॅफिनचा साठा जमिनीच्या वर, अशी दोघांची फारकत झालेली असते.

पानांमध्ये झाडाने निराळी व्यवस्था केली आहे. तेथे कॅफिन पेशीतल्या रिक्तिकेत, क्लोरोजेनिक आम्लाशी सैलसर बांधलेल्या स्थितीत साठवले जाते. घरात विषाची बाटली ठेवावी, पण कुलूपबंद कपाटात, तसेच हे. अळीने पान चावले की कुलूप मोडते आणि द्रव्य मोकळे होते.

मळ्याच्या मातीत

पान गळते, फळे खाली पडून कुजतात, पावसाचे पाणी पालापाचोळ्यातून झिरपते. कॅफिन पाण्यात चांगले विरघळते, साध्या तापमानाला लिटरमागे सुमारे २० ग्रॅम. त्यामुळे ते मातीत पोहोचते यात संशय नाही. तैवानचे चांग-हुंग चौ आणि अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्य विद्यापीठातील वर उल्लेखिलेले वॉलर यांनी १९८० मध्ये कॉफीच्या पानांचे व इतर भागांचे अर्क काढून ते लेट्यूस आणि काही गवतांच्या बियांवर वापरले. मुळांची वाढ खुंटली. मात्र त्या अर्कांत एकटे कॅफिन नव्हते. त्याची रासायनिक भावंडे असलेली थिओब्रोमीन व थिओफायलीन होती, आणि अनेक फिनॉलिक आम्लेही होती. दोष कोणाच्या माथी किती मारायचा, हे ठरवणे तेव्हाही सोपे नव्हते.

वॉलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे असेही मांडले की जुन्या मळ्यांत वर्षानुवर्षे साचत जाणारे कॅफिन अखेर कॉफीच्याच मुळावर येते आणि उत्पादन घटण्याचे ते एक कारण असावे. कल्पना आकर्षक आहे. पण जुन्या मळ्याची जमीन थकते त्याला सूत्रकृमी, अन्नद्रव्यांचा ऱ्हास, बुरशीजन्य रोग अशी इतर कारणेही असतात, आणि त्यांतून कॅफिनचा वाटा वेगळा काढणे अवघड आहे.

आपल्या जवळचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. बेळगावहून दक्षिणेला गेले की सह्याद्रीच्याच रांगेत चिकमगळूर आणि कोडगू हे कॉफीचे प्रदेश लागतात. बाबा बुडन यांनी सतराव्या शतकात येमेनहून सात बिया आणून लावल्याची आख्यायिका चिकमगळूरच्या डोंगरांशी निगडित आहे. भारतातली कॉफी मुख्यतः सावलीत वाढवली जाते. फणस, सिल्व्हर ओक आणि रानातली मूळची झाडे वर, त्यांच्या खोडांवर चढलेले मिऱ्याचे वेल, कोठे वेलची, कोठे संत्री, आणि मध्ये कॉफी. कॅफिन माती नापीक करून टाकणारे असते, तर ही गर्दी दिसली नसती. मातीतले जिवाणू कॅफिन खातात, हे त्यामागचे एक कारण. स्यूडोमोनास वर्गातील काही जिवाणू तर निव्वळ कॅफिनवर गुजराण करू शकतात. दुसरे कारण पाऊस. आपल्याकडे गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. घाटमाथ्यावरच्या अशाच मुसळधार पावसात सहज विरघळणारे द्रव्य एका जागी साचून राहणे कठीण आहे. तिसरे कारण म्हणजे मिऱ्याचा वेल किंवा फणस हे मुळे पसरलेले, तयार झाड असते. कॅफिनचा परिणाम सर्वाधिक होतो तो नुकत्या रुजणाऱ्या बीवर आणि सुतासारख्या कोवळ्या मुळांवर.

चोथ्याचे काय करावे?

कुंडीचा प्रश्न यातूनच सुटतो. कॉफी गाळताना बरेचसे कॅफिन पाण्यात उतरते, पण सगळे नाही. उरलेल्या चोथ्यात थोडे कॅफिन, टॅनिन आणि फिनॉलिक द्रव्ये शिल्लक राहतात. मेलबर्न विद्यापीठातील हार्डग्रोव्ह आणि लाइव्हस्ली यांनी २०१६ मध्ये याची रीतसर परीक्षा घेतली. ब्रोकोली, लीक, मुळा, सूर्यफूल आणि व्हायोला या पाच वनस्पतींना त्यांनी कच्चा चोथा थेट मातीत मिसळून दिला. पाचांचीही वाढ घटली, माती कोणतीही असो आणि खत दिलेले असो वा नसो. मातीची पाणी धरून ठेवण्याची क्षमता मात्र वाढली, आणि तणही कमी उगवले. चोथ्यामुळे माती आंबट होते किंवा नायट्रोजन अडकून पडतो म्हणून वाढ खुंटते, असा एक समज आहे. या प्रयोगात त्याला आधार मिळाला नाही. चोथ्यातल्या वनस्पतिमारक द्रव्यांकडेच बोट गेले. त्यांत कॅफिनचा वाटा नेमका किती, हे मात्र तो प्रयोग सांगत नाही.

गोव्यातल्या वाचकांसाठी एक बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. रिझवी आणि सहकाऱ्यांनी ज्या काटेमाठाचे रुजणे कॅफिनने थांबवले, तो आणि आपली तांबडी भाजी ही एकाच वंशातली, दोन्ही माठच. तिची बी राईपेक्षाही बारीक असते. तांबड्या भाजीच्या ताज्या वाफ्यावर कॉफीचा कच्चा चोथा पसरणे म्हणूनच शहाणपणाचे नाही. तोच चोथा पालापाचोळा, भाज्यांची देठे, शेण यांच्याबरोबर खड्ड्यात किंवा पिंपात काही महिने कुजू दिला, तर जिवाणू कॅफिनची विल्हेवाट लावतात आणि उत्तम कंपोस्ट मिळते. जुन्या, मुरलेल्या गुलाबाला चहाचा मूठभर चोथा घालणाऱ्या आजीचे काही चुकत नव्हते. तिने तो मिरचीच्या वाफ्यात पसरला नव्हता.

शाळेतल्या मुलांना हे स्वतः करून पाहता येईल. तीन बशांत ओला कापूस, प्रत्येकीत माठाच्या वीस-वीस बिया. एकीत साधे पाणी, दुसरीत दूध-साखरेविना केलेली कडक कॉफी, तिसरीत तितकीच कडक पण कॅफिन काढून टाकलेली कॉफी. तिसरी बशी विसरू नये. कॉफीतल्या इतर द्रव्यांचा परिणाम कोणता आणि कॅफिनचा कोणता, हे तिच्यामुळेच थोडेफार कळते.

‘नैसर्गिक’ या विशेषणाविषयी

वर्तमानपत्राच्या संपादन विभागात रोज येणाऱ्या प्रसिद्धिपत्रकांत ‘नैसर्गिक’ हे विशेषण जितके आढळते तितके क्वचितच दुसरे कुठले आढळत असेल. त्याचा अर्थ ‘निरुपद्रवी’ असा गृहीत धरलेला असतो. कॅफिनपासून नैसर्गिक तणनाशक तयार करता येईल, ही आशा रिझवी यांच्या काळापासून व्यक्त होत आली आहे. पण बशीतली मात्रा शेतात उतरवायची म्हटली की गणित बदलते. हवाईत २००२ मध्ये हॉलिंग्सवर्थ आणि सहकाऱ्यांनी गोगलगाईंवर १ ते २ टक्के तीव्रतेच्या कॅफिनची फवारणी प्रभावी ठरल्याचे दाखवले. परंतु काही वनस्पतींच्या पानांवर त्या फवारणीचे डागही उमटले. इतके तीव्र द्रावण पावसाबरोबर ओहोळात गेले तर तेथील जलचरांचे काय, हा प्रश्न आहेच. नद्यांच्या पाण्यात कॅफिन सापडणे हा आजच अनेक देशांत सांडपाणी मिसळल्याचा पुरावा मानला जातो. एखादे द्रव्य झाडाने बनवले म्हणून ते ओढ्यात ओतण्यास योग्य ठरत नाही. काजऱ्याची बीही झाडालाच लागते.

बशीतले सत्य आणि माळावरचे सत्य

एका वनस्पतीने रासायनिक द्रव्ये सोडून दुसरीवर परिणाम करणे, याला ‘ॲलिलोपथी’ हा शब्द ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ हान्स मोलिश यांनी १९३७ मध्ये दिला. निरीक्षण मात्र जुने आहे. अक्रोडाच्या सावलीत इतर झाडे नीट वाढत नाहीत, असे प्राचीन रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवले आहे. आपल्याकडे गाजरगवत आसपासच्या वनस्पतींना दडपते असे सांगितले जाते. अक्रोडातले किंवा गाजरगवतातले द्रव्य अल्कलॉइड नव्हे, रसायने वेगवेगळी आहेत. पण पुराव्याची अडचण सर्वत्र एकच आहे.

ती समजण्यासाठी कॅलिफोर्नियातली एक कथा सांगायलाच हवी. तेथील टेकड्यांवर सुगंधी सेजची झुडपे वाढतात आणि त्यांच्याभोवती गवताचे पातेही नसलेला, मीटर-दोन मीटर रुंदीचा उघडा पट्टा दिसतो. १९६४ मध्ये मुलर आणि सहकाऱ्यांनी या झुडपांच्या पानांतून उडणारी द्रव्ये गवताच्या बियांना रोखतात, असे प्रयोगशाळेत दाखवले. उघड्या पट्ट्याचे कोडे सुटले असे वाटले. मग १९७० मध्ये बार्थोलोम्यू या संशोधकाने एक अत्यंत साधी गोष्ट केली. त्याने त्या पट्ट्यात तारेच्या जाळीचे पिंजरे उभारले. पिंजऱ्यांच्या आत, त्याच मातीत, त्याच सुगंधात, गवत उगवले. उंदीर, ससे आणि पक्षी झुडपाच्या आडोशाने येऊन बिया आणि कोंब फस्त करीत होते. पिंजऱ्याने अडवले होते ते त्यांना. मुलर यांची प्रयोगशाळेतली मोजमापे चुकीची नव्हती. माळावरचा पट्टा केवळ त्यांच्यामुळे पडत नव्हता, इतकेच.

तेव्हापासून या क्षेत्रातले कसोटीचे प्रश्न कडक झाले. द्रव्य झाडातून बाहेर पडते का? मातीत ते पुरेशा मात्रेत, पुरेसा काळ टिकते का? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तेच झाड, फक्त त्या द्रव्याविना, त्याच जागी लावले तर शेजारी बहरतात का? कॉफीच्या बाबतीत ही शेवटची तुलना जवळपास अशक्य आहे. पूर्व आफ्रिकेतील काही रानटी कॉफीप्रजातींत कॅफिन जवळजवळ नसतेच आणि तरीही त्या रानात टिकून आहेत. पण त्या प्रजाती इतर शंभर बाबतींतही अरेबिकाहून वेगळ्या आहेत.

ही कोंडी फोडण्याची संधी एका दुसऱ्या अल्कलॉइडच्या बाबतीत अलीकडेच चालून आली आहे. जव हे धान्य तण दडपणारे पीक म्हणून युरोप-अमेरिकेत जुन्या काळापासून ओळखले जाते. १९६६ मध्ये ओव्हरलँड यांनी जवाच्या मुळांतून स्रवणारी द्रव्ये स्टेलारिया या तणाला गव्हापेक्षा अधिक रोखतात असे दाखवले, आणि त्यामागे ग्रामीन हे अल्कलॉइड असावे असे सुचवले. जवात हॉर्डेनीन हे आणखी एक अल्कलॉइड असते. १९९३ मध्ये लिऊ आणि लोव्हेट यांनी ग्रामीन आणि हॉर्डेनीनमुळे पांढऱ्या मोहरीच्या मूलांकुरांत पेशीभित्तींची हानी होते आणि पेशीतल्या अंगकांची घडी विस्कटते, हे सूक्ष्मदर्शकाने टिपले. पण जवाच्या काही वाणांत ग्रामीन असते, काहींत नसते, आणि ते वाण इतर गुणांतही भिन्न असल्याने शेतातली तुलना नेहमी संशयास्पद राहिली.

२०२४ मध्ये जर्मनीतील संशोधकांच्या चमूने ग्रामीन बनवणारे कळीचे जनुक शोधून काढले. ‘गोल्डन प्रॉमिस’ या वाणात ग्रामीन नव्हते, त्यात त्यांनी ते तयार करवले. ‘ताफेनो’ या वाणात ते होते, त्यातून जनुक संपादनाने काढून टाकले. त्यामुळे आता एकाच वाणाची दोन रोपे शेजारी शेजारी लावता येतात, एक ग्रामीनसह आणि एक त्याविना, बाकी सर्व तंतोतंत सारखे. साठ वर्षांपूर्वीच्या त्या तणाच्या बिया दोन्हींच्या मुळाशी पेरून, उंदीर आणि पक्षी अडवायला वर जाळी टाकून, वाट पाहणे एवढेच उरते.